पाण्यात उभं राहून निवडलेले बूट

फार पूर्वीची गोष्ट. ढग न विचारता घरात शिरतात आणि हाकलल्याशिवाय जात नाहीत, अशा उंच डोंगरावर एक छोटं राज्य होतं. तिथे राणीसाहेबांची मोठी पागा होती, म्हणजे घोड्यांचं घर. पावसाळ्यात पागेच्या अंगणात घोटाभर चिखल असायचा, गार वारा हाडांत शिरायचा आणि तिथे राबणाऱ्यांचे पाय चार महिने वाळायचेच नाहीत.

त्या पागेत धुरपा नावाची एक बाई घोड्यांची देखभाल करायची. वय चाळिशीचं, तोंड फटकळ. माणसांशी दोन शब्द बोलली तर त्यातला एक टोमणा असायचा. घोड्यांशी मात्र ती दिवसभर गोड बोलायची. त्यातही सोनकी नावाच्या पिवळसर घोडीवर तिचा फार जीव. सोनकी जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिची आई गेली. तेव्हा धुरपाने दुधात चिंधी बुडवून बुडवून त्या शिंगराला जगवलं होतं.

या राज्यात घाटापलीकडे पत्रं पोचवायला एक घाटस्वार असे. मान मोठा, काम कठीण. त्याची निवड दर श्रावणात एका शर्यतीने व्हायची आणि जिंकणाऱ्याला पागेतला हवा तो घोडा मिळायचा. पण ही शर्यत जगावेगळी होती. पहाटे आपल्या घोड्याची लीद आपणच काढायची. मग खोगीर चढवून घाटावरच्या बुरुजापर्यंत जायचं आणि पहारेकऱ्याकडून लाकडी बिल्ला घेऊन यायचं. आणि एवढ्यावर शर्यत संपत नसे. परत आल्यावर घोडा कोरडा पुसायचा, चारी खूर साफ करायचे आणि दाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा, त्याच्या तोंडाला बांधायचा. ज्याचा तोबरा आधी बांधला जाईल, तो घाटस्वार. थोरल्या राणीसाहेबांनी घालून दिलेला हा नियम होता. घोडा उपाशी उभा असताना स्वाराने हारतुरे घेऊ नयेत, असं त्या म्हणत.

मागच्या श्रावणात धुरपा पागेच्या दारात सगळ्यांच्या आधी पोचली होती आणि तरीही हरली होती. का? तर बुटांमुळे! जत्रेत भर उन्हाळ्यात, अनवाणी पायावर, गादीवर बसून तिने लालचुटूक बूट घेतले होते. दिसायला देखणे होते, खोटं कशाला बोला. पण पावसात त्यांच्या शिवणीतून पाणी शिरलं. आत लोकरीचा मोजा मावेना. पाय आधी गारठले, मग बधिर झाले, आणि बोटांमध्ये चिखल्या झाल्या त्या वेगळ्याच. घोडीवरून उतरली ती तिथेच मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांदेखत एका ढेरपोट्या म्हाताऱ्या स्वाराने शांतपणे तोबरा बांधला आणि शर्यत जिंकली.

तो म्हातारा यंदा थकून घरी बसला होता. आणि यंदा शर्यतीत उतरणार होता हैबतराव, एका सरदाराचा पुतण्या. स्वार म्हणून तो पहिल्या प्रतीचा होता, पण हात जड. लगाम असा खेचायचा की घोड्याच्या तोंडाला फेस यावा. त्याने भर पागेत सांगून टाकलं, "या वर्षी जिंकलो की सोनकी माझी. जरा चाबूक दाखवला की कशी सरळ होते बघा."

धुरपाने ते ऐकलं. सोनकी त्याच्या हाती जाणार या विचाराने तिला जेवण जाईना. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाऊस पडत असताना ती मोचीकाकांच्या दुकानात गेली. बरोबर काय नेलं? एक बादली, एक जुनी रिकीब, म्हणजे खोगिराला लटकणारी पाय ठेवायची कडी, आणि जाड लोकरीचे मोजे.

दुकानात हैबतराव आधीच बसला होता. त्याने गुडघ्यापर्यंत उंच, काळेभोर, पितळी बकलांचे बूट निवडले होते. तळवे आरशासारखे गुळगुळीत. पायात घालून त्याने गादीवर दोन पावलं टाकली, स्वतःकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, "झालं! बांधून द्या."

धुरपाने मात्र बादली पाण्याने भरून घेतली, मोजे घातले, त्यावर एक बूट चढवला आणि सरळ बादलीत पाय घालून उभी राहिली.

"अगं ए!" मोचीकाका ओरडले. "नवा माल हाय त्यो!"

"म्हनून तर बघतीय. जुना झाल्यावर बघून काय करू?"

थोड्या वेळाने तिने पाय बाहेर काढला, मोजा चाचपला आणि मान हलवली. ओला. कोरडा मोजा चढवून दुसरा जोड. त्यात पाणी शिरलं नाही, पण बोटं हलेनात. "बोटं आवळली की ऊब जाते काका, लोकर कितीबी घाला." तिसऱ्या जोडाचा तळवा इतका जाड की रिकिबीत अडकून बसला. चौथा घालून ती घोड्याचा खूर धरतात तशी उकिडवी बसली, तर बुटाचा काठ पोटरीत रुतला. पाचवा जोड चांगला होता, पण भिजल्यावर दोघांनी ओढूनही निघेना. सहाव्याला टाचच नव्हती. पाय रिकिबीतून आरपार गेला असता आणि घोडी उधळली तर स्वार फरफटत गेला असता.

दुकानात आता गर्दी जमली होती. मोचीकाकांचा पारा चढला. "बाई, तुला बूट पायजेत का जावई?"

"जावई वंगाळ निघाला तर लेकीला म्हायेरी आनता येतं," धुरपा म्हणाली. "बूट घाटात वंगाळ निघाला तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

लोक खो खो हसले. हैबतरावही हसला. "धुरपाबाई, शर्यत घोडा पळवायची असते, बादलीत उभं राहायची नसते!" असं म्हणून तो आपले बूट घेऊन ऐटीत निघून गेला.

मोचीकाका मात्र हातातला बूट उलटसुलट करून बघू लागले. तीस वर्षं ते बूट शिवत होते, पण त्यातला एकही त्यांनी कधी पाण्यात उभा करून पाहिला नव्हता. त्यांनी धुरपाच्या मोजा उतरवलेल्या पायाकडे पाहिलं. मागच्या वर्षीच्या चिखल्यांचे डाग अजून दिसत होते. त्यांचा स्वर एकदम मऊ झाला. "बस पोरी," ते म्हणाले. "हितं असला बूट न्हाई. पर मी शिवतो. तू सांग, म्या करतो."

आठ दिवस दोघं त्या बुटांमागे लागले. बूट पोटरीच्या निम्म्यापर्यंतच ठेवले, म्हणजे गुडघा मोकळा. शिवणी वर घेतल्या, त्यात मेण भरलं, कातड्याला तेल-मेण चोळलं. नाडीच्या मागची पट्टी दोन्ही बाजूंनी शिवून टाकली, म्हणजे तिथून पाणी आत यायला नको. आत जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. तळव्याला बारीक खाचा पाडल्या, चिखलात पकड मिळेल इतक्या आणि रिकिबीत अडकणार नाहीत इतक्याच. टाच बोटभर. दिसायला बूट अगदीच साधे झाले, मातकट रंगाचे. पण धुरपा त्यात बादलीत पाय घालून उभी राहिली, एक अख्खं पान चघळून संपवलं, आणि पाय बाहेर काढला तर मोजा कोरडा ठणठणीत!

शर्यतीचा दिवस उजाडला. पाऊस असा की समोरचं दिसेना. राणीसाहेब पागेच्या दारातल्या ओट्यावर बसल्या, शेजारी नगारा. सहा जण उतरले होते.

लीद काढतानाच हैबतराव गुळगुळीत तळव्यांवरून दोनदा घसरला. दुसऱ्यांदा तर टोपलीसकट बसला. पण खोगिरावर चढल्यावर त्याला कोण अडवणार? त्याचा काळा घोडा वाऱ्यासारखा निघाला. धुरपा आणि सोनकी त्याच्या मागोमाग. बाकीचे चौघे पहिल्या ओढ्यापाशीच मागे पडले.

बुरुजावर दोघांनी जवळजवळ बरोबरच बिल्ला घेतला. उतारावर एक शेवाळलेला कातळ होता. तिथे सोनकीचा पुढचा पाय सटकला आणि ती गुडघ्यावर आली. धुरपा बाजूला फेकली गेली, पण तिचा पाय रिकिबीतून अलगद सुटला. ती चिखलात दोन्ही पायांवर उतरली आणि तिथेच पाय रोवून उभी राहिली. "हो, हो, माझी बाय," म्हणत तिने लगाम धरला, घोडीला पायी चालवत कातळ पार करून दिला आणि मग पुन्हा स्वार झाली. एवढ्या वेळात हैबतराव दिसेनासा झाला होता. तरी तिने सोनकीला चाबूक म्हणून लावला नाही.

हैबतराव पागेत पोचला तेव्हा लोकांनी आरोळ्या ठोकल्या. त्याने हात उंचावले, खाली उडी मारली आणि सपशेल आडवा झाला. त्याच्या बुटांत पाणी भरलं होतं आणि पायांना काही कळतच नव्हतं. कसाबसा उठून त्याने खोगीर उतरवलं, घोडा पुसला. मग खुरांची पाळी आली. खूर साफ करायला उकिडवं बसावं लागतं, आणि ते गुडघ्यापर्यंतचे बूट भिजून असे ताठ झाले होते की गुडघा वाकेना. बूट काढू म्हटलं, तर निघेनात.

"माझ्या माणसाला बोलवा!" तो ओरडला.

"इथे ज्याचा घोडा, त्याचेच हात," राणीसाहेब म्हणाल्या.

तेवढ्यात सोनकी आत आली. धुरपा उतरली आणि अंगणातून स्वयंपाकघरात चालावं तशी चालत गेली. खोगीर काढलं. घोडी पुसली. उकिडवी बसली, एक खूर, दुसरा, तिसरा. हैबतराव कमरेत वाकून धडपडत होता, त्याचा अजून दुसराच खूर चालला होता. धुरपाने चौथ्या खुरातला खडा काढला, उठली, तोबरा उचलला आणि सोनकीच्या कानांमागे बांधला.

धडाड्‌धूम! नगारा वाजला. मोचीकाका गर्दीतच नाचू लागले. पागेतले सगळे राबते हात वर गेले. धुरपा, ती फटकळ धुरपा, सोनकीच्या मानेला मिठी मारून हमसून हमसून रडली, आणि सोनकी निवांतपणे दाणे चावत राहिली.

"घाटस्वार धुरपा," राणीसाहेब उठून म्हणाल्या, "पागेतला कुठला घोडा हवा?"

"इचारताय काय राणीसाहेब? ती बगा, दाने खाती हाय."

सगळे हसले. मग धुरपा हैबतरावापाशी गेली. तो ओट्याला टेकून बसला होता आणि मान वर करत नव्हता. तिने त्याची बकलं सोडली, मोचीकाकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून ते बूट ओढून काढले. आतून तांब्याभर पाणी सांडलं. धुरपाने खोगिराच्या पिशवीतले आपले जास्तीचे कोरडे मोजे त्याच्या हातात ठेवले.

"घाला. म्याबी गेल्या साली असंच बसले हुते."

हैबतरावाने मोजे घातले. मग तो हळूच म्हणाला, "धुरपाबाई, ती बादली एक दिवस उसनी द्याल का?"

त्यानंतर मोचीकाकांच्या दुकानातली गादी गेली. तिथे पाण्याचं एक मोठं घंगाळ आलं आणि छताला एक रिकीब टांगली गेली. पुढच्या पावसाळ्याआधी खुद्द राणीसाहेब बूट घ्यायला आल्या, तेव्हा मोचीकाकांनी हात जोडले आणि घंगाळाकडे बोट दाखवलं. राणीसाहेबांनी लुगडं जरा वर खोचलं आणि पाण्यात उभ्या राहिल्या. धुरपाने सोनकीवर बसून दारातूनच विचारलं, "बोटं हलत्यात न्हवं?"

तात्पर्य एवढंच: एखादी गोष्ट निवडताना ती गादीवर कशी शोभते ते बघू नका. जिथे ती राबणार आहे, त्या चिखलात आणि पाण्यात तिला आधी उभं करून बघा.