कोरडं कोठार

माळावर गाव वसायच्या आधी तिथल्या बाभळीखाली मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. चालणाऱ्या मुंगीचा वास वाटेवर मागे राही, आणि जिथे वास दाट तीच वाट खरी, असं त्या पिढ्यान्‌पिढ्या मानत आल्या होत्या.

एकदा तांबू मुंगीने कोठारातला एक ओलसर दाणा उन्हात वाळवायला बाहेर नेला. ते पाहून दोघी आपापला दाणा घेऊन तिच्यामागे निघाल्या. त्यांच्यामागे वीस निघाल्या. दुपारपर्यंत त्या वाटेवर वास नुसता दाटून आला.

"कोठार कोरडं आहे, आत येऊन बघा," कोठार राखणारी म्हातारी मुंगी दारात उभी राहून सांगत होती.

"मग एवढ्या जणी काय वेड्या आहेत, आजी?" असं म्हणत मुंग्या दाणे ओढत राहिल्या.

तेवढ्यात तांबू आपला वाळलेला दाणा घेऊन परतली.

"आत कुठे निघालीस? कोठारात पाणी शिरलंय," वाटेतल्या मुंग्यांनी तिला अडवलं.

तांबूने वाट हुंगली. इतका दाट वास तिने जन्मात घेतला नव्हता. ती मागे वळली.

उघड्या माळावर दाण्यांचा ढीग लागला होता. तिने आपला दाणा त्यावर ठेवला, तेव्हा चिमण्यांचा थवा खाली उतरत होता.