परातीतलं पाणी

“...पण माझं चुकलं कुठं, फादर?”

तरुण फादर ग्लॅडविन उभ्या उभ्याच विचारत होते. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची सकाळ. निवृत्त झालेले फादर व्हेलेरियन देवळामागच्या आपल्या खोलीच्या ओट्यावर बसले होते. मी देवळाची झाडलोट करणारा, तिथंच झाडत होतो.

म्हाताऱ्यांनी आधी खोकला आटोपला. “काय झालं ते सांग. चूक नंतर बघू.”

“कालच्या पाय धुण्याच्या विधीत बारा जणांत मला घ्या, म्हणून बस्त्याव मागं लागला होता. त्याच्या पायाची जखम तुम्हाला ठाऊक आहे. साखरेच्या आजारानं सडलाय पाय, वास मारतो. वेदीसमोर कसा बसवणार? गेल्या रविवारी, झावळ्यांच्या दिवशी, मी त्याला नाही म्हटलं.”

“मग?”

“तेव्हापासून दार लावून बसलाय. नर्सबाईंना पट्टीसुद्धा करू देत नाही. ‘देवळात चालत नाही तो पाय घरात तरी कशाला हवा,’ म्हणतो. असंच राहिलं तर पाय जाईल, फादर... कदाचित माणूसही.”

“तू गेलास?”

“गेलो ना! दाराबाहेर उभा राहून क्षमेवर तासभर बोललो.”

“अरे देवा! दाराला तरी पाझर फुटला का?”

ग्लॅडविन लाल झाले. खरं सांगतो, माणूस वाईट नव्हता. येशूनं बारा शिष्यांचे पाय धुतले, त्यावरच्या त्यांच्या कालच्या प्रवचनानं अर्धं देऊळ रडलं, त्यात मीही होतो. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तशातली गत.

म्हातारे माझ्याकडं वळले. “कालची परात ओतलीस का रे?”

ओतली नव्हती. पाण्यासकट उचलून आणली.

त्यांनी वाकून पाहिलं. परातीचा तळ स्वच्छ दिसत होता.

“बारा जणांचे पाय धुतलेस?”

“हो, फादर.”

“मग मळ कुठं गेला?”

मळ असणार कुठून? पाय धुवून घ्यायला निघालेला आमचा माणूस आधी घरी दगडानं टाचा घासतो, साबण लावतो. काल मीही त्या बारांत होतो. माझ्या टाचा अजून हुळहुळत होत्या.

“बूट काढ,” म्हातारे म्हणाले.

“फादर?”

“काढ. आणि केळीच्या वाडीतून चल, रस्त्यानं नको.”

परात रिकामी करून ती घेऊन मी मागोमाग निघालो. वाटेत नर्सबाईंनाही हाक मारली. केळींना नुकतंच पाणी सोडलं होतं. ग्लॅडविनचे पाय घोट्याच्या वर रुतले, पांढरा झगा बरबटला. म्हातारे मात्र काठी टेकत बांधावरून चालले होते.

बस्त्यावच्या दाराशी ग्लॅडविननी तोंड उघडलं, तसं म्हाताऱ्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि काठीनं दार वाजवलं.

“कोण?”

“पाहुणे आलेत. चिखलानं भरलेत बिचारे. पायावर पाणी घाल, बाबा.”

आत खाट करकरली.

मग तांब्या वाजला. दारात आलेल्याला पायावर पाणी द्यायचं नाही, असं आमच्यात कुणी वैऱ्याशीही करत नाही.

दार उघडलं. बस्त्याव भिंत धरून लंगडत आला. ग्लॅडविनना पाहून थबकला. त्यांचे पाय पाहिले. उंबऱ्यावर बसला, पाणी ओतलं आणि आपल्या हातानं चिखल चोळून काढू लागला. मी परात खाली सरकवली.

ग्लॅडविननी पाय मागं ओढला. “नको, बस्त्यावबाबा! तुम्ही माझे...”

“राहू दे पाय,” फादर व्हेलेरियन म्हणाले. “घ्यायला शीक.”

पाय राहिला. ग्लॅडविनच्या डोळ्यांना धार लागली. चिखल निघाला, तसे ते ओल्या जमिनीवरच मांडी घालून बसले.

“मला माफ करा, बस्त्यावबाबा. मला तुमच्या पायाची लाज वाटली. आता तुमचा पाय द्या.”

“वास मारतो, फादर.”

“मारू दे.”

बस्त्यावनं हळूच पाय पुढं केला.

जखमेला फडकं चिकटलं होतं. नर्सबाई सांगत गेल्या आणि ग्लॅडविन पाणी सोडत हळूहळू ते सोडवत गेले. एकदा त्यांनी तोंड वळवलं, पण पाय हातातून सोडला नाही. बस्त्याव लहान पोरासारखा रडत होता. दुखत होतं म्हणून नव्हे, एवढं मला कळत होतं.

नर्सबाईंनी पट्टी बांधली. बस्त्यावनं बांधू दिली.

परातीत चिखल, पू, रक्त एक झालं होतं. ग्लॅडविननी ती दोन्ही हातांनी उचलली.

“हे पाणी कुठं टाकू, फादर?”

“लांब खड्ड्यात. आणि परात नीट घासून आण...” म्हातारे काठी सावरत उठले. “असे अजून अकरा जण राहिलेत.”