शेवाळाखालचे मीठ

बर्फाच्या डोंगरांमधल्या एका उंच पठारावर काही याक, उंदरांची मोठी वस्ती आणि एक कोल्हा शेजारी म्हणून राहत. हिवाळा लांबला की सगळ्यांच्याच खाण्याचे हाल होत. एकदा जमीन उकरताना कोल्ह्याच्या जिभेला खारट चव लागली. शेवाळाच्या जाड थराखाली मीठ होते! खालच्या दरीतल्या मेंढ्यांना मिठाची फार ओढ. त्या मिठाच्या बदल्यात चारा आणि दाणे आणून देतील, हे त्याने लगेच ओळखले.

त्याचा बेत ऐकून म्हातारी याक म्हणाली, "बाळा, हे शेवाळ जमिनीचे पांघरूण आहे. खालची माती बर्फाने धरून ठेवली आहे, म्हणून आपण इथे उभे आहोत. ओढ्याकाठी खडक उघडाच आहे. तिथले मीठ थोडे थोडे घे."

"तिथे चिमूटभर मिळते, आजी! यंदा तरी पोरे पोटभर जेवू देत," कोल्हा म्हणाला. मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या एका उंदरिणीची दोन पिल्ले उपाशी मेली होती. तीही शेवाळ सोलायला पुढे आली.

तो हिवाळा सुखात गेला. मग उन्हाळा आला आणि उघड्या जमिनीवर ऊन पडू लागले. आतला बर्फ वितळला आणि एके दुपारी सारा उतार चिखल होऊन खाली घसरला. उंदरिणीचे बीळ त्यातच होते. कोल्ह्याने पंजे सोलवटेपर्यंत चिखल उपसला. चार पिल्लांपैकी एकच जिवंत हाती लागले.

कोल्ह्याने शेवाळ गोळा करून जमिनीवर पुन्हा अंथरले. ते वाळून गेले. "आजी, हे कधी रुजेल?" त्याने विचारले.

"आपल्या हयातीत नाही रे," याक म्हणाली. ती रागावली नाही, याचेच त्याला जास्त वाईट वाटले.

चरायला गवत उरले नव्हते. सगळे दुसरे पठार शोधायला निघाले. कोल्हा मागेच उभा राहिला. "मी येऊ का?" त्याने हळूच विचारले.

उंदरीण पिल्लाला पोटाशी धरून म्हणाली, "ये. उकरायला मीही होतेच. पण तिथे जमिनीला हात लावण्याआधी आजीला विचारू. आणि ती सांगेल ते ऐकू."

तात्पर्य : जे घडायला कित्येक पिढ्या लागल्या, ते फायद्यासाठी उकरण्यापूर्वी त्याच्या आधारावर कोण कोण जगते आहे ते पाहावे; नंतरच्या पश्चात्तापाने जमीन पुन्हा गोठत नाही.