अण्णासाहेबांचं मैदान

एके काळी राज्याच्या संघातून कबड्डी खेळलेल्या पार्वताबाई घोरपड्यांची मुलाखत गावच्या रेडिओ केंद्रावर चालली होती. शेजारी नगराध्यक्ष अण्णासाहेब ऐटीत बसले होते. बाई ज्या मैदानावर मुलींना शिकवायच्या, तिथंच अण्णासाहेबांनी आपलं मंगल कार्यालय उभारलं होतं. बाई त्यांच्या हातापाया पडल्या, पण मैदान गेलं ते गेलंच.

मुलाखत रंगात आली तसा अण्णासाहेबांनी माईक ओढून घेतला.

"बाई, गावात तुमच्यासारखी दुसरी का झाली नाही? हल्लीच्या पोरींना मैदानाची ओढच नाही!"

सारं गाव ऐकत होतं. बाईंनी माईक आपल्याकडे वळवला.

"असं कसं, अण्णासाहेब? पोरी अजून त्याच मैदानावर येतात की. आम्ही शड्डू ठोकून यायचो, त्या मुंडावळ्या बांधून येतात."

निवेदिकेनं हसू दाबत घाईघाईनं गाणं लावलं. चौकात लोकांनी टाळ्या पिटल्या म्हणे.

बाई मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांना त्याच कार्यालयात जायचं होतं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शेवटच्या खेळाडूवर, कॉलेज अर्धवट सोडलेल्या जाईवर, अक्षता टाकायच्या होत्या.