मोठ्यानं म्हणायचा मंत्र

"आणि बाहेरचा खर्च?" अज्जांनी विचारलं.

गुरुबाळ हत्तरगी बोलायचा थांबला. एवढा वेळ तो घरातली काटकसर सांगत होता, आणि सांगताना त्याची मान ताठ होती. दूध निम्म्यावर आणलं. बायकोच्या गुडघ्याचं औषध बंद केलं. मुलगी शिवलीला, ती औषधाच्या दुकानात कामाला रिक्षानं जायची, तिला रिक्षा सोडायला लावली, आता चालत जाते. मंदी आहे म्हटल्यावर माणसानं हात आखडता घ्यायला नको का?

अज्जा म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या मठाचे म्हातारे स्वामी. लहानथोर सगळे त्यांना अज्जाच म्हणत. ते घोंगडीला ठिगळ लावत बसले होते.

"बाहेरचा आहे तसाच आहे," गुरुबाळ म्हणाला. "तो कसा कमी करणार? चार लोकांत नाव आहे."

अज्जांची सुई चालत राहिली.

गावातले निम्मे यंत्रमाग बंद पडले होते. गुरुबाळचेही निम्मे. सुताचा भाव चढलेला, कापडाला गिऱ्हाईक नाही. तरी त्याच्या दारात मोटार उभी होती. कुणाच्याही लग्नात त्याचा आहेर सगळ्यांत जड. बसवजयंतीच्या वर्गणीत त्याचं नाव सगळ्यांत वर. त्यापायी महानंदाच्या, त्याच्या बायकोच्या, पाटल्या गहाण पडल्या होत्या. ही गोष्ट मात्र त्यानं अज्जांनाही सांगितली नव्हती.

"मला मंत्र द्या अज्जा. हे दिवस निभावून नेईल असा."

अज्जांनी सुई घोंगडीत टोचून ठेवली.

"जवळ ये."

गुरुबाळनं कान पुढे केला. अज्जा कुजबुजले.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काय म्हणालात?"

"परवडत नाही."

"हा मंत्र?"

"हाच. पण मनात जपायचा नाही. मोठ्यानं म्हणायचा, चार लोकांत."

गुरुबाळनं दाराकडे पाहिलं.

"म्हण बघू."

मठात दोघांशिवाय कुणी नव्हतं. गुरुबाळनं तोंड उघडलं. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी तावातावानं भांडणारा माणूस. पण शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसला.

"राहू दे," अज्जा म्हणाले. "घसा तयार व्हायला वेळ लागतो."

आणि त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली.

गुरुबाळ टेकडी उतरला तो धुमसतच. या माणसाला ना बायको, ना पोर. संसाराची अब्रू म्हणजे काय, ते यांना काय कळणार? परत या पायऱ्या चढायच्या नाहीत, असं त्यानं ठरवून टाकलं.

दुसऱ्याच आठवड्यात वर्गणीवाले आले. "दरवर्षीचंच ना, गुरुबाळअण्णा?" त्यांनी हसत विचारलं. तोही हसला. म्हणाला, "विचारायचं काय त्यात?" ते गेल्यावर मात्र तो बराच वेळ बंद मागांच्या मधे उभा राहिला.

मग निपाणीचे मगदूम आले.

शिवलीलाचं त्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरल्यातच होतं. मगदूम सोफ्यावर ऐसपैस बसले. आमचं मागणं काहीच नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. फक्त लग्न हमरस्त्यावरच्या त्या नव्या कार्यालयात व्हावं. आमची माणसं बरीच आहेत, त्यांचा मानपान नीट व्हावा. जेवणाचं ते तुमच्या नावाला शोभेल असं तुम्ही करालच.

"करालच ना?"

गुरुबाळनं मान हलवायला सुरुवातही केली होती. मनात हिशेब चालू झाला होता, घर गहाण टाकलं तर...

तेवढ्यात महानंदा शिऱ्याच्या बशा घेऊन आली. उंबऱ्यापाशी ती थांबली. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं तिनं चौकट धरली. दुखऱ्या गुडघ्याचा पाय उचलायच्या आधी तिनं ओठ दाबून धरले. मग हसून आत आली.

ती हे रोज करत असणार. त्यानं ते आज पाहिलं.

"परवडत नाही," गुरुबाळ म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की मगदूम पुढे झुकले. "काय म्हणालात?"

"परवडत नाही मला. कार्यालय परवडत नाही. मानपान परवडत नाही. दारातली मोटारसुद्धा परवडत नाही." आता आवाज उघड्या खिडकीतून गल्लीत जात होता, आणि तो जाऊ देत होता. "पोरगी गुणाची आहे. लग्न मठात करून देईन, सगळ्यांना पोटभर जेवू घालीन. याच्यावर काही जमणार नाही."

मगदूमांचा चेहरा लाल झाला.

"हे आधी सांगायचं होतं. आम्ही मोठं घर समजून आलो."

"मीही तसंच समजत होतो," गुरुबाळ म्हणाला.

मगदूम उठले. त्यांची माणसं उठली. चपला घालण्याचा आवाज झाला, मोटारीची दारं आपटली, आणि घर शांत झालं.

गुरुबाळला मुलीकडे बघवेना. शिवलीला आतून आली. शिऱ्याला कुणी हात लावला नव्हता. तिनं एक बशी उचलली, सोफ्यावर मगदूम बसले होते तिथं बसली आणि खाऊ लागली.

"बाबा," ती म्हणाली, "शिरा चांगला झालाय. तुम्ही पण घ्या."

गावात बभ्रा झाला. हत्तरगीचं दिवाळं निघालं म्हणे. सूतवाल्यानं रस्त्यात अडवून विचारलं, "ऐकतोय ते खरं?"

"खरं."

सूतवाल्यानं बाजूला होऊन वाट दिली.

मोटार विकली गेली. पाटल्या सुटून आल्या. घरात पूर्वीइतकं दूध येऊ लागलं, महानंदाचं औषध सुरू झालं, शिवलीला पुन्हा रिक्षानं जाऊ लागली. लग्नांना गुरुबाळ साधा आहेर घेऊन जाई आणि पहिल्या पंगतीला न लाजता बसे. एका संध्याकाळी शेजारचा कारखानदार काडाप्पा आला. त्याचे तर सगळेच माग बंद होते, पण गळ्यातली साखळी जाडच होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. उठता उठता त्यानं आवाज खाली आणला.

"ते म्हणताना... आतून काय वाटतं रे?"

"पहिल्यांदा मेल्यासारखं," गुरुबाळ म्हणाला. "नंतर भूक लागते."

बंद माग मात्र सुरू झाले नाहीत. चालू होते तेही थांबले. आणि सुगीनंतर गुरुबाळ भर दुपारी, पायी, टेकडी चढून मठात आला.

मठात रोज येईल त्याला जेवण मिळे. त्यासाठी घराघरांतून धान्य यायचं, आणि हत्तरगींच्या घरून दर सुगीला एक पोतं यायचं. त्याच्या आजोबांपासून ते कधी चुकलं नव्हतं.

अज्जा ओसरीवर बसले होते. गुरुबाळनं नमस्कार केला नाही. उभा राहिला.

"मंत्र चालला नाही अज्जा. मंदी आहे तिथंच आहे. पोरीचं लग्न मोडलं."

"हं."

"पण आता मी तो कुणालाही म्हणू शकतो. तुम्हालाही." त्यानं अज्जांच्या डोळ्याला डोळा भिडवला. "यंदा मठाला धान्य देणार नाही. परवडत नाही."

अज्जा हळूच उठले, आत गेले. पोतं फरफटत आणल्याचा आवाज आला. पोतं मोठं नव्हतं, पण भरलेलं होतं. त्यांनी ते गुरुबाळच्या पायाशी आणून टेकवलं आणि दम खात उभे राहिले.

"घेऊन जा."

"मी?"

"घरात महिनाभर चूल पेटेल."

गुरुबाळ एक पाऊल मागे सरला.

"मठातलं धान्य... आमच्या घरानं कधी नेलेलं नाही अज्जा."

"आणलेलं आहे. वाट माहीत आहे."

अज्जांनी पोत्याचा एक कोपरा धरला. थोड्या वेळानं गुरुबाळनं दुसरा धरला. दोघांनी मिळून ते त्याच्या खांद्यावर चढवलं. खालून बाजाराचा गलका ऐकू येत होता. घरी जायला तीच एक वाट होती, बाजाराच्या मधून.

"दिवस मावळल्यावर नेतो," गुरुबाळ पोत्याखालून म्हणाला. "आत्ता लोक बघतील."

"बघू देत," अज्जा म्हणाले. "ज्वारी चांगली आहे."