राजेसाहेबांची अडखळणारी गाडी

“रविवारी माझी गाडी पळाली नाही, तर सोमवारी तुझ्या दुकानाला टाळं!” देवझरीचे राजेसाहेब गरजले.

गाडी खरीखुरी नव्हे हं, संगणकातली! संस्थान गेलं, फौजफाटा गेला, पण राजेसाहेबांची रग काही गेली नाही. ती आता मोटारशर्यतीच्या गेममध्ये उतरली होती. दर रविवारी इंदूरचे मेहुणे तिकडून खेळायचे आणि राजेसाहेब इकडून. मेहुणे जिंकायचे आणि वर फोन करून विचारायचे, “काय दाजीसाहेब, गाडीला बैल पाठवू का?”

म्हणून राजेसाहेबांनी बाजारातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड मागवलं. सुगंधा मेस्त्रीने ते बसवून दिलं. पण वळण आलं की गाडी अडखळायची ती अडखळायचीच!

सुगंधा राजवाड्याच्या फाटकालगतच्या खोलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायची. खोली राजेसाहेबांचीच. गाडीचं दुखणं तिने केव्हाच ओळखलं होतं. कार्डाचं काम चित्र रंगवायचं. पण गाडी कुठे आहे, कुणीकडे वळली, आडवं कोण आलं, हे आधी प्रोसेसरने ठरवायचं. आणि प्रोसेसर होता जुनापुराणा.

“महाराज, तो प्रोसेसर...”

“खबरदार! हा संगणक राणीसाहेबांनी आम्हाला साठीला दिला होता. त्या आज नाहीत. त्यातला प्रोसेसर बदलायचा नाही, आणि त्याला नावं ठेवलीस तर सोमवारचीही वाट बघणार नाही!”

“जुन्याला हलवायचं नाही, जुन्याला बोलायचं नाही, आणि गाडी मात्र पळवायची!” शेजारी उभे असलेले राजवाड्याचे कारभारी गालात हसले. “त्यापेक्षा समुद्राला वेसण घाल, बाई!”

दुकान गेलं तर करायचं काय? पण सुगंधाने चेहरा हसरा ठेवला.

“महाराज, रविवारी न्याहारीला घावनं सांगा. वाढायला तो नवा गडी दिगंबर ठेवा. मग मी संगणकाला हात लावते.”

“घावनांचा आणि संगणकाचा काय संबंध?”

“उपाशीपोटी मला यंत्र कळत नाही, महाराज!”

राजेसाहेबांना घावनं जीव की प्राण. ते कशाला नाही म्हणतात!

रविवार उजाडला. राजेसाहेब जेवणघरात बसले. दिगंबर म्हणजे पायाला भिंगरी! पहिलं घावन त्याने एका झेपेत ताटात आणून टाकलं. राजेसाहेबांनी ते संपवलं. दुसरं येईना. दिगंबर आपला ताटली धरून दारात उभा!

“अरे, नवा गडी ना तू? हात का थांबले?”

“महाराज, तवा रिकामा आहे. घावन उतरल्याशिवाय वाढू काय?”

राजेसाहेब तसेच उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. चुलीपाशी म्हाताऱ्या सोनूबाई पळी घेऊन बसल्या होत्या. पीठ तव्यावर पडणार, इतक्यात कुणीतरी ओरडलं, “सोनूबाय, गूळ खंय आसा?” सोनूबाई उठल्या. येऊन बसतात न बसतात तोच, “सोनूबाय, दूधवालो इलो!” पुन्हा उठल्या. मग, “सोनूबाय, मांजर दुधार इला!”

“काय चाललंय काय!” राजेसाहेब कडाडले. “गूळ यांनी द्यायचा, दार यांनी उघडायचं, मांजर यांनीच हाकलायचं, मग घावनं कुणी घालायची? आजपासून सोनूबाई फक्त घावनं घालतील! दुसऱ्या कामाला कुणी हाक मारली तर याद राखा!”

“माका दोनच हात आसत, ह्या एकदाचा कोणाक तरी कळला!” सोनूबाई म्हणाल्या, आणि तव्यावर चर्रर्र आवाज झाला. मग काय विचारता! एक संपायच्या आत दुसरं ताटात!

जेवणघराच्या दारातून सुगंधा हळूच म्हणाली, “महाराज, हाच हुकूम संगणकालाही लावू का? तिथेही एक सोनूबाई आहेत.”

राजेसाहेब हातातला घास संपवून उठले. मग म्हणाले, “चल, दाखव!”

सुगंधाने संगणकाचा पडदा सुरू केला. राजवाड्याचे सगळे सीसीटीव्ही कॅमेरे त्याच संगणकावर! पंचांग तिथेच, शेअर बाजार तिथेच, कारभाऱ्यांचं राशिभविष्यही तिथेच!

“तेवढं राहू दे गं,” कारभारी कळवळले, “आज सिंह राशीला धनलाभ आहे!”

“तुमच्या संगणकावर बघा!” सुगंधाने सगळं बंद केलं. कॅमेरे कचेरीतल्या संगणकाला जोडून दिले. मग तिने गेम उघडला. “महाराज, रस्त्याकडेला हजारो माणसं उभी आहेत. त्यांना हलवायचं कामही त्या जुन्याचंच. घरी पाठवू त्यांना?”

“म्हणजे आमची शर्यत कुणी बघायचीच नाही?”

“वळणावर आपण रस्ता बघता, की माणसं?”

राजेसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “पाठव!”

“आणि नवं कार्ड रिकामं बसलंय, त्याला जुंपते. रस्त्याकडेच्या समुद्राला चकाकी, गाडीला झळाळी!”

शर्यत सुटली. पहिलं वळण आलं तसे सुगंधाने डोळे घट्ट मिटले. इंजिनाचा आवाज तुटला नाही. डोळे उघडले तर गाडी केव्हाच वळणापार! शेवटच्या फेरीत राजेसाहेबांच्या गाडीने इंदूरची लाल गाडी मागे टाकली, आणि राजेसाहेबांनी स्वतःच फोन लावला.

“मेहुणे, पाठवा ते बैल! तुमचीच गाडी ओढून न्यायला लागतील!”

फोन ठेवला आणि त्यांनी भुवया आवळल्या. “गाडी पळाली, कबूल. पण आता खरं सांग. जुना प्रोसेसर नव्या कार्डाला अडवतो की नाही?”

कारभाऱ्यांनी मान पुढे काढली. ‘हो’ म्हणावं तर जुन्याला नावं ठेवली. ‘नाही’ म्हणावं तर धडधडीत खोटं!

सुगंधाने वाकून मुजरा केला. “महाराज, जुन्याचा शब्द येईपर्यंत नवं थांबून राहतं, हे खरं. पण दरबारात त्याला अडवणूक म्हणत नाहीत, अदब म्हणतात!”

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की त्यांची चाकांची खुर्ची मागे सरकत जाऊन भिंतीला टेकली. डोळे पुसत त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि सुगंधाला पांघरली.

“कारभारी, फाटकाची खोली आजच्या आज हिच्या नावावर करा!”