हिरवळीवरचा खराटा

खराटेही बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका बंगल्याच्या हिरवळीवर एक खराटा राबायचा. बकुळीचं एक पान म्हणून तो खाली टिकू देत नसे.

"अरे, माझ्या तोंडचा घास का काढतोस?" माती म्हणाली.

"कचऱ्याला घास म्हणतेस?" खराटा खेकसला आणि आणखी जोरात फिरला. हळूहळू माती टणक झाली, गवत पिवळं पडलं.

खराटा झिजला, तेव्हा त्याला हिरवळीच्या कोपऱ्यात फेकून दिलं. त्याच्यावर पानं साचली, काड्या कुजल्या, खाली गांडुळं आली. नेमकं त्याच्याभोवतीच गवत लुसलुशीत झालं. तो हे सगळं बघत होता.

एक दिवस नवा खराटा आला. "सरका आजोबा, कचरा काढायचाय."

"थांब रे," म्हातारा म्हणाला, "माती जेवतेय. ताट ओढू नकोस."